पेंढ्याच्या टोपाखालची डेलिया

डेलिया रुएनला माणसं आवडत नसत असं लोक म्हणत, पण ते खरं नव्हे. माणसं तिला फार लवकर ओळखू येत, आणि ओळखू आली की तिचे ओठ वाकडे होत, एवढंच. पश्चिम आयर्लंडातल्या आमच्या नॉकारूच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिने सव्वीस वर्षं पोरांना सूप वाढलं. वाढता वाढता आमच्या अख्ख्या गावाची अक्कल पळीने मोजली आणि ती कधीच भांडंभर निघाली नाही. फादरचं प्रवचन, कौन्सिलने बांधलेला रस्ता, सुपरमार्केटातला पाव आणि विनीच्या खिडक्यांचे पडदे या चार गोष्टींवरचं आपलं मत ती कुणी न विचारता देऊन टाकी.

विनी तिची सख्खी धाकटी बहीण. तिचं घर डेलियाच्या दारातून दिसतं. मधे एक शेत आणि एक ओढा. दोघींमध्ये एकोणीस वर्षं शब्द नव्हता.

झालं होतं ते असं. डेलिया तरुणपणी इंग्लंडात, कॉव्हेंट्रीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात राबली. एकोणचाळिसाव्या वर्षी ती परत आली आणि आईजवळ राहिली. नऊ वर्षांनी तिच्या पोटाचं ऑपरेशन निघालं, ती तीन आठवडे गॉलवेच्या इस्पितळात पडली, आणि नेमकी तेव्हाच आई घसरून पडली. विनीच्या पदरी आठ वर्षांची पोर, चाळीस गुरं आणि फ्रँकसारखा नवरा, ज्याला किटलीखाली जाळ लावायलाही सांगावं लागे. तिने आईला वृद्धाश्रमात ठेवलं. सहा आठवड्यांत आई गेली. पुरताना सगळा गाव उभा होता, फादर पुस्तक मिटत होते, आणि डेलिया मोठ्याने म्हणाली, "नको झालेलं पिल्लू टाकावं तशी टाकलीस आईला." उचलली जीभ लावली टाळ्याला. विनी काही बोलली नाही. ती तेव्हा बोलली नाही ती बोललीच नाही.

या एका वाक्यापायी डेलियाने बहीण तर गमावलीच, पण विनीची पोरगी ऑर्नाही गमावली. चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी ऑर्नाला हातात धरणारी डेलियाच होती, म्हणजे देवासमोर ती तिची दुसरी आई. शाळा सुटली की पोर रोज डेलियाकडे येई आणि पावाला जॅम लावून खाई. त्या दिवसापासून ती यायची थांबली. डेलियाने जॅम करायचं सोडलं आणि लोकांना सांगितलं, हल्लीच्या फळांत काही राम नाही.

आता पेंढ्याचं. आमच्याकडे लग्नघरी आमंत्रण नसलेल्यांनी यायचं असतं, ते पेंढा घालून. आठजण येतात. डोक्यावर पेंढ्याचा उंच निमुळता टोप, तो हनुवटीखालपर्यंत उतरलेला, अंगावर उलटा सदरा, कमरेला पेंढ्याचा घेर. म्होरक्या काठीने उंबरठा तीनदा ठोकतो, घरची बाई आत बोलावते. एकजण फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवतो, म्होरक्या नवरीबरोबर एक नाच नाचतो, दारात एकेक ग्लास व्हिस्की होते आणि मंडळी चालती होतात. तोंडातून शब्द काढायचा नाही आणि कोण आहे हे कुणी विचारायचं नाही.

तसं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. आमच्या फिडलवाल्या पॅकी कॅराबाइनचे फेंगडे पाय काय पेंढ्याने सरळ होतात? पण झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याचा कोर्टात दावा चाललाय तो पेंढा घालून प्रतिवादीच्या पोरीच्या लग्नात नाचून येतो, आणि सोमवारी दोघे पुन्हा कोर्टात. ही काही भांडण मिटवायची रीत नव्हे. भांडण न मिटवता नाचायची रीत आहे, आणि माणसांचा स्वभाव पाहता हीच जास्त शहाणपणाची. घरात कुणी पेंढेवाल्याचं नाव घेतलं तर त्याने टोप काढायचा आणि नाच सोडायचा, असा नियम आहे. माझ्या माहितीत तो एकदाच लागू झाला. नाव घेणाऱ्या त्या दारुड्याला पुढे अकरा वर्षं कुणी लग्नाला बोलावलं नाही.

या आठांची म्होरकी गेली पंचवीस वर्षं डेलिया. टोपही तीच विणायची. हल्लीचा पेंढा त्या कामाचा नाही. यंत्र तो चेचून टाकतं. म्हणून ती घरामागच्या तुकड्यात जुन्या उंच जातीचे ओट पेरी, लांब दांड्याच्या विळ्याने आडवे करी, पेंढ्या बांधून माळ्यावर ठेवी आणि लागेल तेव्हा बादलीत भिजवून विणायला बसे. दाणा असा की कोंबड्यांनी नाक मुरडावं. फ्रँक ओढ्यापलीकडून ते शेत पाहून मान हलवी, आणि फ्रँकने मान हलवली की डेलियाला पीक चांगलं आल्याची खात्री पटे.

पंचक्रोशीतल्या साठ-बासष्ट नवऱ्या तिने नाचवल्या. त्या जूनमध्ये ऑर्नाचं लग्न ठरलं तेव्हा डेलियाला आमंत्रण आलं नाही, आणि ते येणार नाही हे तिला माहीत होतं. पण पेंढ्याला आमंत्रण लागत नाही. त्या घरात शिरायचा, त्या पोरीचा हात पाच मिनिटं हातात धरायचा हा एकच रस्ता तिच्यापाशी उरला होता. हिवाळाभर ती माळ्यावर जाऊन पेंढा चाचपून येई. बोलली मात्र कुणाशी नाही.

मार्चमध्ये फीअक्रा उगवला. डब्लिनचा होता, दाढीवाला. आईबापांनी त्याचं नाव ट्रेव्हर ठेवलं होतं, पण असल्या इंग्रजी नावाच्या माणसाला आयरिशांची जुनी केल्टिक संस्कृती कशी सापडणार? म्हणून त्याने स्वतःचं पुन्हा बारसं केलं. ब्रिटनी, गॅलिसिया, वेल्स, स्कॉटलंडची बेटं, जिथे म्हणून म्हाताऱ्या शिल्लक होत्या तिथे जाऊन तो त्यांचे फोटो काढत हिंडे आणि त्यांचं पुस्तक करणार होता. दुकानात शिरून तो आयरिशमध्ये बोलू लागला. दुकानवाल्या मिसेस लॉफ्टसला वाटलं पाहुण्याच्या घशात काही अडकलंय. तिने पाणी दिलं. त्या भाषेशी आमचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटलेला.

"तुम्ही एका जिवंत परंपरेच्या शेवटच्या वाहक आहात, डेलिया," तो तिच्या अंगणात उभा राहून म्हणाला.

"जिवंत आणि शेवटची? एकाच दमात? आधी ठरवून ये बाबा काय ते."

"म्हणजे, हे सगळं आता लोप पावतंय ना."

"कोण म्हणतं? गेल्या वर्षी सात लग्नं झाली. माझे गुडघे लोप पावले, तेवढं खरं."

त्याला वाटलं बाई विनोदी आहे. त्याने वहीत लिहून घेतलं.

मग त्याचं काम सुरू झालं. ती शेडमध्ये विणायची तर त्याला उजेड हवा, म्हणून खुर्ची शेतात. शेतात वारा, ओला पेंढा मिनिटात वाळून कडाकड मोडू लागला. निळी प्लास्टिकची बादली फोटोत वाईट दिसते म्हणून त्याने विचारलं, "ही जरा हलवू का?"

"हलव. मग पेंढा तुझ्या टोपीत भिजवते."

विजेच्या तारा नकोत, पॅकीचा ट्रॅक्टर नको, गाईच्या कानातला पिवळा बिल्लासुद्धा नको.

"तो काढता येईल का?" त्याने विचारलं.

"काढ की. पण मग सरकारी तपासनीस येईल आणि बिल्ला तुझ्या कानाला लावून जाईल. गाय मोजावीच लागते त्याला."

डेलियाचं लाल पावसाळी जाकीट त्याला चालेना. त्याने गाडीतून काळी लोकरीची शाल काढली आणि तिच्या खांद्यांवर घातली. शालीला उग्र वास होता. आतल्या बाजूला एक पांढरा केस चिकटलेला होता, डेलियाच्या केसांहून लांब. कुणाचा म्हणून विचारलं तर म्हणाला, "ब्रिटनीतल्या एका आजींचा असेल. त्याआधी स्कॉटलंडमध्येही वापरलीय मी ही." म्हणजे सगळ्या केल्टिक जगाला मिळून एकच शाल, आणि तीही याच्या गाडीत.

सूर्याची उपासना, सुगीची देवता, तीन हजार वर्षं असं काहीबाही तो सांगत राहिला. पेंढाच का, यामागचं गूढ त्याने तिला विचारलं.

"कारण पेंढा फुकट असतो," डेलिया म्हणाली.

असं दोन महिने चाललं. संध्याकाळी ती पॅकीला त्याच्या नकला करून दाखवी आणि पॅकी हसून हसून खोके. एवढी शहाणी बाई, तिला हा उंटावरचा शहाणा फसवील असं कुणाला वाटलं असतं?

पण फसवलं त्याने, आणि तेही सगळ्यात जुन्या हत्याराने. मेच्या शेवटी एके दिवशी त्याने कॅमेऱ्यामागच्या चौकोनात तिला तिचाच फोटो दाखवला. डेलियाचे सबंध आयुष्यात तीन फोटो: एक पासपोर्टचा, एक बसच्या पासचा, आणि एक विनीच्या लग्नातला, ज्यात ती अर्धी कापली गेलेली. चौकोनातली बाई पेंढ्यावर वाकलेली होती. डोळे खाली, तोंडाशी धरलेली काडी. म्हातारी दिसत होती, पण वाईट दिसत नव्हती.

"तुमच्या चेहऱ्यात हा सगळा डोंगर आहे," फीअक्रा म्हणाला.

"म्हणजे मेंढ्यांनी चरून टाकलेला," डेलिया फणकारली. आणि आत जाऊन केस विंचरून आली.

सरळ सांगायचं तर ती सुखावली. अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी आपल्याकडे एवढा वेळ पाहतंय, याने ती पार विरघळली. जी बाई फादरलाही सोडत नसे ती, जरा डावीकडे, हनुवटी वर, असं सांगेल तशी वळू लागली. त्याने टोप काखेत धरून उघड्या चेहऱ्याने उभं राहायला सांगितलं, ती राहिली. पुस्तक पुढच्या हिवाळ्यात येणार आणि तेही डब्लिनला, असं तो म्हणाला होता. डब्लिनमध्ये कोण बघतंय?

आणि फोटो काढता काढता त्याने विचारलं, "पुढचं लग्न कुणाचं?"

"ऑर्नाचं. माझ्या बहिणीच्या मुलीचं," ती म्हणाली. थांबायला हवं होतं, पण थांबली नाही. "बाप्तिस्म्यात मीच धरली होती तिला. आता नाचेन. दुसरा मार्ग नाही मला तिथे जायला."

पॅकीला जे सांगितलं नाही, पापनिवेदनात फादरला सांगितलं नाही, ते हिने त्या दाढीवाल्याला सांगितलं. परक्याला सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं, असा तिचा हिशेब. ही भिंत छापखान्याची निघाली.

लग्न शनिवारी. गुरुवारी परगण्याच्या साप्ताहिकात पाऊण पान फोटो आला. काळी शाल, काखेत टोप, उघडा चेहरा. खाली मजकूर: 'पेंढ्यामागचा चेहरा. अखेरच्या वाहक डेलिया रुएन येत्या शनिवारी, अनेक वर्षांचा दुरावा विसरून, सख्ख्या भाचीच्या लग्नात नाचणार आहेत.' दुराव्याची माहिती त्याला पबमध्ये एका ग्लास बिअरमागे मिळाली असणार. आमच्याकडे त्याहून महाग काही नसतं.

डेलिया दुकानात गेली तेव्हा मिसेस लॉफ्टस साप्ताहिकाची चळत बटाट्याच्या पोत्याखाली सारत होती. एरवी ती बाई एवढी समजूतदार नव्हे. डेलियाने पोतं उचललं, उभ्या उभ्या वाचलं, आणि पाव न घेताच घरी आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिने फीअक्राला फोन लावला.

"बघितलंत का? केवढा प्रतिसाद आलाय!" तो आनंदाने म्हणाला. "सहा हजार लोकांनी पाहिलं काल इंटरनेटवर."

"तुला सांगितलं होतं ते तू छापलंस."

"पण त्यात लाजण्यासारखं काय आहे? उलट किती मानवी आहे ते!"

"तू मानव आहेस का आधी?" डेलिया म्हणाली आणि फोन आपटला. मग टेबलाशी बसली. राग त्याच्यावर होताच, पण निम्म्याहून जास्त स्वतःवर होता. विनीला आता न कळल्यासारखं करता येणार नव्हतं. सगळ्या परगण्याने वाचलेलं तिने कसं नाही वाचलं म्हणायचं? एक तर बहिणीला दारातून परत लावायचं, नाहीतर छापून आलंय म्हणून मान तुकवायची. आणि छापून आलंय म्हणून मान तुकवणारी विनी नव्हे. रुएनांच्या घरातली होती ती.

शुक्रवारी दुपारी पॅकी आला. फिडल वाजवणारा तोच, आणि पंचवीस वर्षं तिच्या डाव्या हाताला चालणारा. डेलियाने सात टोप दाराशी रचून ठेवले होते.

"सात?" पॅकीने विचारलं.

"सात. तू हो म्होरक्या. नाहीतरी तुझे पाय नाचल्यासारखेच चालतात."

"फ्रँक आला होता माझ्याकडे सकाळी. ग्लास किती मांडू, विचारत होता."

"मग?"

"आठ म्हणालो."

"सात म्हणून सांगून ये जा."

"मी नाही जात बुवा. मांडले असतील आता."

डेलियाने चहाचा कप खाली ठेवला. "फ्रँक आपल्या डोक्याने आला होता की पाठवला होता?"

"फ्रँक आपल्या डोक्याने कधी कुठे गेलाय गं?" पॅकी म्हणाला. "परवा तर चर्चला जाताना विचारत होता, आज रविवार आहे ना म्हणून."

पॅकी गेल्यावर डेलिया माळ्यावर चढली आणि आठवा टोप खाली घेऊन आली.

शनिवारी संध्याकाळी आठच्या सुमाराला, ऊन अजून डोंगरावर असताना, आठ टोप ओढा ओलांडून विनीच्या अंगणात आले. अंगणात मोठा पांढरा तंबू होता. डब्लिनहून आलेली नवऱ्याकडची मंडळी उंच टाचा चिखलात रुतवून उभी होती. नवरा किलियन मुलगा चांगला, पण संस्कृतीचा भुकेला. त्यानेच फीअक्राला आवतण दिलं होतं. म्हणजे सख्ख्या मावशीला आमंत्रण नाही, आणि तिचं नाव पेपरात देणारा मात्र शॅम्पेन घेऊन उभा.

म्होरक्याने काठीने तीनदा ठोकलं. तंबूच्या तोंडाशी विनी आली, निळ्या पोशाखात. पेंढ्यातल्या फटींतून डेलियाने एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला इतक्या जवळून पाहिलं. विनीची मान आता थेट आईसारखी दिसत होती. विनीने त्या टोपाकडे बराच वेळ पाहिलं. सगळ्यांनी साप्ताहिक वाचलेलं होतं.

"कोण आहात ठाऊक नाही," विनी म्हणाली. "आत या."

पॅकीने फिडल हनुवटीखाली घेतलं. ऑर्ना पुढे आली, तिने दोन्ही हात पुढे केले, आणि डेलियाने ते धरले. पोरीचे तळवे घामेजलेले होते. लहानपणी जॅमने चिकट असायचे. नाच सुरू झाला, आणि डेलियाला गुडघे आहेत हेच ती विसरली.

"डेलिया! जरा इकडे, उजेडाकडे!"

फीअक्रा खुर्चीवर चढला होता. आमच्यातली चार माणसं एकदम खोकली. पॅकीने गज असा जोरात ओढला की तार किंचाळली. एकदा ऐकू न येणं जमतं.

"डेलिया! या बाजूला!"

दुसऱ्यांदाही जमवलं लोकांनी. मिसेस लॉफ्टसने हातातला ग्लास मुद्दाम खाली टाकला. पण तो शहाणा खुर्चीवरून उतरला, नाचणाऱ्यांच्या मधे घुसला, आणि टोपाला हात लावून तो उजेडाकडे वळवत म्हणाला, "डेलिया, फक्त एक सेकंद."

फिडल थांबलं. आता नियम नियम होता. डेलियाने ऑर्नाचे हात सोडले आणि टोप काढला.

घामाने चिकटलेले पांढरे केस, गालावर काड्यांचे वळ. आपल्या बहिणीच्या घरात, न बोलावता, उघड्या तोंडाने ती उभी राहिली. शरमेने तिचे कान जळत होते. डब्लिनच्या मंडळींना वाटलं हा खेळाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या माणसांनी मात्र माना फिरवल्या. कुणी केक पाहू लागलं, कुणी तंबूचे खांब. मिसेस लॉफ्टसने काचा वेचायला घेतल्या आणि फ्रँक आपले बूट न्याहाळत राहिला. आमच्या दीडशे माणसांत एकालाही डेलिया रुएन दिसली नाही.

"ए फिडलवाल्या, कोण असशील तो," ऑर्ना मोठ्याने म्हणाली, "थांबलास का रे? माझा नाच अर्धाच झालाय."

आणि तिने डेलियाचे हात पुन्हा धरले. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. तिची नजर वर होती, हातभर वर, जिथे टोपाचं टोक असायला हवं तिथे. तिथेच बघत तिने नाच पुरा केला. शेवटच्या फेरीत तिने डेलियाची बोटं इतकी घट्ट आवळली की दुखली.

नाच संपला. मंडळी रांगेने दाराकडे निघाली. दारातल्या टेबलावर आठ ग्लास मांडलेले होते आणि विनी बाटली घेऊन उभी होती. सात ग्लास सात टोपांखाली गेले. आठवी डेलिया, टोप काखेत. विनीने तिच्या ग्लासात ओतायला घेतलं, इतर कुणाही पेंढेवाल्यासाठी ओतावं तसं. डेलियाला नाच मिळाला होता. त्यासाठीच आली होती ती, आणि आता प्यायचं आणि जायचं होतं. पण तिचे पाय हलेनात.

फीअक्रा धापा टाकत आला. "विनी, हा क्षण! दोन बहिणी! जरा जवळ उभ्या राहा ना, फक्त एक फोटो."

"कुठल्या दोन बहिणी?" विनी म्हणाली.

"तुम्ही आणि डेलिया!"

"डेलियाला मी बोलावलेलं नाही. आणि बोलावल्याशिवाय ती कुणाच्या दारात जाणारी नव्हे. ताठा आहे तिला." विनी ओततच होती. "एकोणीस वर्षांत एकदाही बोलावलं नाही मी तिला. आईच्या वर्षाच्या प्रार्थनेलासुद्धा नाही. बोलावलं असतं तर आली असती का, देव जाणे."

"आली असती," डेलिया म्हणाली.

पेंढेवाला बोलत नाही. पॅकीचा ग्लास टोपाखालीच थबकला. विनीने वर पाहिलं नाही. ग्लास काठोकाठ भरून व्हिस्की टेबलावर सांडली होती, तिने ती बाहीने पुसली. आणि लेकी बोले सुने लागे, तशी ती फीअक्राला म्हणाली, "तुला कुठे भेटली तर सांग तिला. उद्या हॅम उरणार आहे. केकही. फ्रँक आणि मी दोघं किती खाणार?"

"पण त्या इथेच उभ्या आहेत!" फीअक्रा म्हणाला.

"मला दिसत नाही. तू सांग."

त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं सावकाश म्हणाला, "डेलिया, त्या म्हणतायत, उद्या या. हॅम उरणार आहे." नॉकारूत त्याने चार महिने काढले. त्यातलं उपयोगाचं काम एवढं एकच, आणि आपण ते करतोय हे त्याला कळलंही नाही.

डेलियाने ग्लास उचलला नाही. "तिला सांग," ती त्याला म्हणाली, "आईला पुरताना मी बोलले ते खोटं होतं. बोलतानाही मला माहीत होतं खोटं आहे. मी इस्पितळात पडले होते, आईजवळ नव्हते, ते मला सहन होत नव्हतं. म्हणून हिच्यावर टाकलं."

फीअक्रा गोंधळून विनीकडे वळला. "त्या म्हणतायत की आईला पुरताना..."

"कळलं म्हणून सांग," विनी म्हणाली. बाटलीचं बूच तिला लागता लागत नव्हतं.

"कळलं, म्हणतायत," तो म्हणाला.

डेलियाने टोप दुसऱ्या काखेत घेतला आणि बाहीने नाक पुसलं.

"किती वाजता यायचं ते विचार," ती म्हणाली.